परभणीतला इंग्रजी ग्रामरचा क्लास : पार्ट्स ऑफ स्पीच कच्चं असेल तर इथं जा

परभणीत वसमत रोडकडच्या एका कॉलनीत घराच्या वरच्या मजल्यावर फक्त इंग्रजी ग्रामरचा एक क्लास चालतो, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. नाव टाकत नाही, मॅडमना जाहिरात अजिबात आवडत नाही, पण परभणीत कुठल्याही अभ्यासिकेत बसणाऱ्याला विचारलं तर पत्ता मिळेल. माझं मत आधीच सांगून टाकते. पार्ट्स ऑफ स्पीच, म्हणजे शब्दांच्या जाती, नुसतं पाठ न करता खरंच समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा चांगलं शिकवणं मी तरी कुठं बघितलं नाही. बाकीच्या चॅप्टरचं थोडं कमीजास्त आहे, तेही खाली लिहिलंय.

आता कुणी म्हणेल पार्ट्स ऑफ स्पीच शिकायला काय क्लास लावायचा, नाउन प्रोनाउन तर पाचवीतल्या लेकराला पण येतं. येतं म्हणजे व्याख्या येते हो. "नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग" झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील, पण पेपरात वाक्य देऊन एका शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं की हा कोणता पार्ट ऑफ स्पीच, की तिथं गाडी अडते. २०२३ च्या तलाठी भरतीला १०० प्रश्नांत २५ इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ मार्क, म्हणजे २०० पैकी ५० मार्क इंग्रजीवर. त्यात थेट पार्ट्स ऑफ स्पीचचे प्रश्न थोडेच असतात पण एरर शोधा म्हणा, गाळलेल्या जागा म्हणा, गुड-बेटर-बेस्टसारखी डिग्री बदला म्हणा, सगळ्यांच्या खाली हेच बसलेलं असतं. ॲडजेक्टिव्ह कोणतं आणि ॲडव्हर्ब कोणतं हेच कळत नसेल तर चूक दिसणार कशी?

आणि आपल्याकडं घरी विचारायला तरी कोण असतं. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यांच्या वेळी शाळेत मराठी मिळायचीच मारामार. वडलांना इंग्रजी पाचवीपासून. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, आणि तेव्हाही खेड्यातल्या शाळेत एक गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळणार, त्यात इंग्रजीला कितीसा वेळ येणार. त्यामुळं इथं बॅचमध्ये येणारी पोरं-पोरी कृषी विद्यापीठातून डिग्री घेऊन आलेली असली तरी ग्रामर म्हटलं की मान खाली घालून बसतात. मॅडमना हे पक्कं माहीत आहे आणि त्या कुणाला कधी हसत नाहीत, कुणाला हसू पण देत नाहीत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

शिकवायची पद्धत सांगते. क्लासचा एकच कडक नियम, वाक्याशिवाय शब्दाची जात सांगायची नाही. पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, "वेल". आणि विचारलं, सांगा बरं हा कोण. मागून एकजण म्हणाला ॲडव्हर्ब. खिडकीपाशी बसलेली मानवतकडची एक मुलगी म्हणाली, "विहीर ना मॅडम, मग नाउन." दोघांची थोडी जुंपली पण. मॅडम म्हणाल्या, "अगं पण वाक्य कुठंय? मी तर अजून काही बोललेच नाही." मग एकाखाली एक पाच वाक्यं लिहिली. "द वेल इज ड्राय", इथं विहीर, नाउन. "शी सिंग्ज वेल", गाणं कसं गाते ते सांगतंय, ॲडव्हर्ब. "आय ॲम नॉट वेल", माझी तब्येत कशी ते सांगतंय, ॲडजेक्टिव्ह. "वेल, लेट अस स्टार्ट", नुसता उद्गार, इंटरजेक्शन. आणि पाचवं "टिअर्स वेल अप इन हर आइज", डोळ्यांत पाणी दाटून येतं, व्हर्ब. शब्द तोच, स्पेलिंग तेच, पाच वाक्यांत पाच कामं. वर्ग एकदम गप्प झाला होता.

मग त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. एकच माणूस एका लग्नात नवरीचा मामा असतो आणि दुसऱ्या लग्नात नवरदेवाचा काका, तुम्ही त्याला रस्त्यात गाठून तू मामा का काका विचारलं तर तो काय सांगणार, आधी मांडव कुठला ते सांगा. शब्दाचं तसंच, मांडव म्हणजे वाक्य. तेव्हापासून आमच्या बॅचमध्ये कुणी नुसता शब्द घेऊन शंका विचारली की बाकीचे म्हणायचे, "आधी मांडव सांग."

पण त्या इथंच थांबत नाहीत. इंग्रजीत असं कामून होतं हे त्या मराठीवरून समजावतात, आणि इथं त्यांची खरी हातोटी दिसते. मराठीत शब्दाला शेपूट असतं. शाळा, शाळेत, शाळेला, शाळेच्या. "रामनं सापाला मारलं" म्हणा नाहीतर "सापाला रामनं मारलं" म्हणा, मेला सापच, कारण "नं" आणि "ला" ही शेपटं सांगतात कोण कोण आहे ते. इंग्रजीत "राम किल्ड द स्नेक" उलटं करून बघा, "द स्नेक किल्ड राम", झाला ना घोळ. आपल्यात चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं असं विशेषण पण बदलतं, इंग्रजीत गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज, गुड ते गुडच. जुन्या इंग्रजीत पण अशी भरपूर शेपटं होती, काळाच्या ओघात बहुतेक गळून पडली, आणि मग शब्दाचं काम ओळखायला त्याची जागाच बघावी लागते. आपण पाण्याचं क्रियापद करायला "देतो" किंवा "घालतो" लावतो, झाडांना पाणी देतो. इंग्रजीवाले वॉटर हाच शब्द उचलून व्हर्बच्या जागी बसवतात, "वी वॉटर द प्लांट्स", झालं व्हर्ब.

त्यामुळं इथं याद्या पाठ करायला लावत नाहीत, जागा तपासायला शिकवतात. शंका आली की शब्दाला प्रश्न लावून बघायचा. एकदा "शुगर फॅक्टरी"वरून लई वेळ चर्चा चालली. एकजण म्हणाला शुगर हे फॅक्टरीबद्दल सांगतंय म्हणजे ॲडजेक्टिव्ह. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, मग त्याच्या आधी "व्हेरी" लावून बघ. बिग फॅक्टरीचं व्हेरी बिग फॅक्टरी होतं, व्हेरी शुगर फॅक्टरी होतं का? "द फॅक्टरी इज बिग" म्हणता येतं, "द फॅक्टरी इज शुगर" म्हणशील का? नाही ना. म्हणजे शुगर नाउनच आहे, फक्त दुसऱ्या नाउनच्या पुढं बसून त्याची माहिती सांगतंय. काही जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत याला ॲडजेक्टिव्हसारखं वापरलेलं नाउन म्हणतात, तेही सांगितलं, म्हणजे पर्यायात काय दिलंय ते बघून उत्तर द्यायचं. मला हे फार आवडलं, विषयाशी प्रामाणिक राहून परीक्षेचं पण सांगतात.

ॲडव्हर्बचा भाग तर सगळ्यात भारी. बऱ्याच ठिकाणी शिकवतात की शेवटी एल वाय आलं की ॲडव्हर्ब, विषय संपला. मग फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, काउअर्डली हे सगळे ॲडजेक्टिव्ह कसे काय? आणि फास्टला एल वाय लागतच नाही, "ही रन्स फास्ट" म्हणायचं. हार्ड आणि हार्डलीत तर जमीन अस्मानाचा फरक, "ही वर्क्स हार्ड" म्हणजे मरमर काम करतो आणि "ही हार्डली वर्क्स" म्हणजे काम करतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि आपण "शी सिंग्ज गुड" असं कामून लिहितो ते पण तिथंच कळालं. मराठीत आपण बिनधास्त म्हणतो "ती चांगली गाते", "तो चांगला गातो". चांगला-चांगली हे रूप विशेषणाचं दिसतं पण काम गाण्याबद्दल सांगायचं करतं. ते तसंच उचलून इंग्रजीत नेलं की गुड येतं, पाहिजे असतं वेल. इतकी वर्षं वहीत लाल रेघा यायच्या, पण ही चूक कुठून येते ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच्या उलटी चूक पण होते, ॲडव्हर्बची सवय लागली की पोरं सगळ्या व्हर्बपुढं एल वाय लावायला लागतात. "द मँगो टेस्ट्स स्वीटली". तर नाही, "द मँगो टेस्ट्स स्वीट". इथं व्हर्बच्या जागी "इज" टाकून बघायचं, "द मँगो इज स्वीट", अर्थ जवळपास तोच राहिला ना, मग ॲडजेक्टिव्हच पाहिजे. "शी लुक्ड अँग्री", ती रागात दिसली. पण "शी लुक्ड ॲट मी अँग्रिली", रागानं बघितलं, इथं बघायची क्रिया आहे, "इज" टाकून बघा बसतच नाही. दोन मिनिटांची युक्ती आहे पण पेपरात हमखास कामी येते.

कंजंक्शनला पण मराठीचं बोट धरलंय. आपण म्हणतो "जरी पाऊस आला तरी तो गेला", दोन्हीकडं जोडशब्द. म्हणून आपण लिहितो "दो इट रेन्ड, बट ही वेंट". इंग्रजीत दो म्हटलं की बट नको, एक पुरे, फार तर "येट" चालतं. "जेव्हा-तेव्हा"चं तेच, व्हेन लिहिलं की पुढं आपोआप देन येतं हाताला, ते काढून टाकायचं. आणि बट म्हणजे कायम कंजंक्शन असंही नाही, "एव्हरीवन बट हिम" मध्ये ते "त्याच्याशिवाय" म्हणून येतं, तिथं प्रीपोझिशन. परत तेच, मांडव बघा.

प्रोनाउन लवकर उरकलं, पण तिथं पण एक कामाची गोष्ट मिळाली. मराठीत खुर्ची ती, टेबल ते, फळा तो. मग भाषांतर करताना पोरं खुर्चीला शी लिहितात. इंग्रजीत निर्जीव वस्तूला इटच. आणि आपलं "आम्ही" आणि "आपण" हे दोन वेगळे, समोरच्याला धरून का सोडून ते कळतं, इंग्रजीत दोन्हीला वी. मॅडम म्हणाल्या इथं आपली भाषा जास्त श्रीमंत आहे, ते ऐकून खरंच बरं वाटलं, इंग्रजीच्या क्लासमध्ये मराठीचं कौतुक सहसा ऐकायला मिळत नाही.

एका तासाला कुणीतरी विचारलं की मॅडम, जाती आठच कामून, आणि अ, ॲन, द हे कुठं बसवायचे? दुसरीकडं असं विचारलं तर "परीक्षेला येत नाही" म्हणून गप्प बसवलं असतं. इथं अख्खा तास त्यावर गेला. आठाचा हिशोब ग्रीकांपासून चालत आलाय, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर जे व्याकरण आहे त्यात आठ जाती आहेत, पण त्या आपल्या ओळखीच्या आठ नाहीत. त्यात आर्टिकल (म्हणजे द सारखे शब्द) आणि पार्टिसिपल (क्रियापदापासून बनलेलं विशेषणासारखं रूप) वेगळे धरलेत, इंटरजेक्शन नाही, आणि ॲडजेक्टिव्ह तर नाउनमध्येच. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून रोमन लोकांनी ते काढलं आणि इंटरजेक्शन घातलं, आकडा आठचा आठच ठेवला. इंग्रजीनं लॅटिनचा साचा घेतला, पण तिच्यात आर्टिकल आहे, म्हणून लिंडली मरेच्या १७९५ च्या व्याकरणात नऊ जाती होत्या. पुढं शाळेतल्या पुस्तकांत आर्टिकल ॲडजेक्टिव्हमध्ये टाकून आठ केल्या, आणि आताचे लोक अ, ॲन, द, धिस, माय, सम यांची डिटरमायनर म्हणून वेगळीच जात धरतात. आपल्याकडच्या प्राचीन काळातल्या यास्कानं निरुक्त या ग्रंथात चारच सांगितल्यात, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, आणि निपात म्हणजे अव्ययासारखे छोटे शब्द. आणि आपण शाळेत शिकलो त्या मराठीतल्या नाम-सर्वनामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आठ जाती, त्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच बसवलेल्या आहेत, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं. हे ऐकल्यावर मराठी व्याकरणाचा पेपर पण मला सोपा वाटायला लागला, कारण दोन्हीकडं साचा एकच, फक्त बसवताना कुठं घट्ट होतो कुठं ढिला होतो ते बघायचं.

आता जे नाही आवडलं ते. पहिली तक्रार प्रीपोझिशनची, आणि ही मोठी आहे. जिथं आपली पोरं सगळ्यात जास्त चुकतात तोच चॅप्टर इथं घाईत उरकला. सुरुवात छान झाली होती, आपलं शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागं चिकटतं, टेबलाखाली, घरासमोर, आणि इंग्रजीत पुढं सुटं येतं, इथपर्यंत ठीक. पण खरी अडचण आपल्या "ला"ची आहे. "परभणीला जाते" इथं टू, "परभणीला राहते" इथं इन, आणि "मला ताप आहे" याला प्रीपोझिशनच नाही, सरळ "आय हॅव अ फीवर". एका "ला"साठी इंग्रजीत किती तऱ्हा आहेत त्या अशा वाक्यं घेऊन घेऊन दाखवायला पाहिजे होत्या. "डिस्कस अबाउट" चूक, "मॅरीड विथ" चूक, मॅरीड टू पाहिजे, "सुपीरियर दॅन" चूक, सुपीरियर टू पाहिजे, ही सगळी शेवटी यादी म्हणून लिहून दिली, आणि ज्या क्लासमध्ये यादी नको म्हणतात तिथं यादी हातात आली की वाईट वाटतंच. मी मॅडमना हे बोलले पण आहे, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या बॅचला वेळ वाढवते म्हणाल्या.

दुसरं, नोट्स. हातानं लिहिलेल्या आहेत आणि मजकूर एक नंबर, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून इतक्या पुसट झाल्यात की कॉमा आणि टिंब ओळखू येत नाही. फीमध्ये धरून पन्नास रुपये जास्त घ्या पण टाइप करून द्या, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

तिसरं, व्हॉट्सअपवरच्या टेस्ट. त्या मॅडम स्वतः काढत नाहीत, मदतीला एकजण आहे तो काढतो, आणि उत्तरांत अधूनमधून चुका असतात. "ही रीड्स द पेपर डेली" यातलं डेली ॲडजेक्टिव्ह म्हणून आलं होतं. "अ डेली पेपर" असतं तर ॲडजेक्टिव्ह बरोबर होतं, इथं वाचण्याबद्दल सांगतंय, ॲडव्हर्ब आहे. ग्रुपवर लगेच पोरींनी पकडलं, संध्याकाळी मॅडमचा व्हॉइस मेसेज आला की तुमचं बरोबर आहे. चूक मान्य करतात हे चांगलंच, पण जो ग्रुपवर रोज बघत नाही त्याच्या डोक्यात चुकीचं उत्तर राहणार ना.

जागेचं म्हणाल तर वर पत्र्याचं शेड आहे, दोन कूलर आहेत, पण एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळीसच्या वर गेला की दुपारी तिथं बसवत नाही आणि लाइट गेली तर बघायलाच नको. मुलींसाठी पुढच्या दोन रांगा ठेवलेल्या असतात, संडास-बाथरूम खाली मॅडमच्या घरातलंच वापरायला देतात, स्वच्छ असतं. बाहेरगावच्या मुलींना हे किती महत्त्वाचं असतं ते त्यांनाच माहीत.

कुणी जावं आणि कुणी नाही. ज्यांची परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय त्यांनी इथं जाऊ नका, इथं पटापट पाचशे प्रश्न सोडवून घेत नाहीत, त्यासाठी दुसरे क्लास आहेत. स्पोकन इंग्लिशसाठी पण नाही, बोलायला लावत नाहीत. ज्यांच्या हातात पाच-सहा महिने आहेत आणि पाया कच्चा आहे त्यांच्यासाठी ही जागा आहे. डीएड-बीएड केलेल्यांनी तर जावंच, उद्या तुम्ही शाळेत उभं राहणार आणि तुमच्यासमोरचं लेकरू विचारणार की बाई हे ॲडजेक्टिव्ह कामून, तेव्हा त्याला "पुस्तकात दिलंय म्हणून" असं उत्तर मिळू नये. आमच्या बॅचला जिल्हा परिषदेचे एक गुरुजी पण यायचे, नोकरीला लागून बरीच वर्षं झालेले, पहिल्या बाकावर बसून सगळं लिहून घ्यायचे, आणि मॅडम त्यांना "सर, तुम्ही वर्गात हे कसं सांगता" असं विचारायच्या. त्यांच्याकडून पण आम्हाला बरंच मिळालं.

फी १५०० रुपये आहे, दोन हप्त्यांत घेतात, आणि घरची अडचण सांगितली तर मॅडम थांबतात, आमच्यातल्या काहींसाठी थांबल्यात. सेलू-मानवतकडून पॅसेंजरनं येणाऱ्यांनी सकाळची बॅच घ्या, गाडी उशिरा आली तरी सुरुवातीची काही मिनिटं आदल्या दिवशीच्या उजळणीत जातात त्यामुळं फार बुडत नाही. संध्याकाळच्या बॅचला गर्दी असते आणि मागं बसलं तर फळा नीट दिसत नाही. डेमो तास फुकट आहे, जाताना वही-पेन घेऊन जा, त्या पहिल्या दिवसापासून लिहून घेतात.